फुलांचा मोसम, अंदाजपत्रकाचा महिना

माघ सरत आला की शहरांचा चेहरा बदलू लागतो. पळस आणि काटेसावर रंगतात, आंब्याच्या मोहोराचा वास गल्लीबोळांत शिरतो, आणि चौकाचौकांत फलक झळकू लागतात. कुठे पुष्पप्रदर्शन, कुठे गुलाबांचा उत्सव, कुठे होळीची तयारी, कुठे पाडव्याच्या शोभायात्रेची बैठक. मुलांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या असल्या तरी एखादा रविवार काढून सारे कुटुंब बागेत जाऊन येते.

याच आठवड्यांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आणखी काही बातम्या येत असतात. आयुक्तांनी अंदाजपत्रक सादर केले, करवाढीचा प्रस्ताव सभेपुढे आला, थकबाकीदारांना नोटिसा गेल्या, उन्हाळ्यासाठी पाण्याचे नियोजन सुरू झाले. या बातम्या वाचणारे थोडे. पुष्पप्रदर्शनाला रांगा लागतात आणि अंदाजपत्रकाच्या सभेची प्रेक्षक गॅलरी रिकामी राहते. खरे तर या दोन्ही गोष्टी एकाच घरच्या आहेत. ज्या महापालिकेच्या माळ्याने कुंड्या मांडल्या, त्याच महापालिकेच्या सभागृहात आपल्या गल्लीच्या गटाराचा, नळाचा आणि शाळेचा वर्षभराचा हिशेब ठरत असतो.

देशातल्या काही शहरांचे वसंतोत्सव या नजरेने पाहिले, तर फुलांमागची बरीच गोष्ट उलगडते.

राणीच्या बागेतला कायदा

मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे १८६२ सालापासून मुंबईकरांच्या जिव्हाळ्याच्या राणीच्या बागेत, दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास फुले, फळे आणि भाज्यांचे प्रदर्शन भरते. फुलांनी मढवलेले देखावे, कुंडीत लगडलेली वांगी-टोमॅटो, औषधी वनस्पती हे सारे पाहायला उपनगरांतून माणसे येतात. घराच्या खिडकीत चार कुंड्या ठेवणाऱ्या गृहिणीला इथे खत-मातीच्या चार गोष्टी कळतात, आणि भाजी बाजारात पिकते अशा समजुतीत वाढलेल्या मुलाला वेलीवरचा दुधी पाहायला मिळतो.

हे प्रदर्शन महापालिकेच्या हौसेपोटी भरते, असे अनेकांना वाटते. पण त्यामागे एक कायदा आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली कायदा झाला. त्यानुसार शहरांमध्ये वृक्ष प्राधिकरण असते, आणि फुला-फळांची व झाडांची प्रदर्शने भरवून लोकांमध्ये झाडांविषयी आस्था निर्माण करणे हे या प्राधिकरणाचे एक कर्तव्यच सांगितले आहे. झाडांची गणना करणे, नवी झाडे लावणे हीही त्याचीच कामे.

झाड तोडण्याच्या परवानगीचा कारभारही याच कायद्याखाली चालतो. रस्ता रुंद करायचा असो की इमारतीचा पुनर्विकास असो, अर्ज येतो तो वृक्ष प्राधिकरणाच्या यंत्रणेकडे. परवानगीपूर्वी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, त्या झाडावर नोटीस लावावी लागते आणि ठरावीक मुदतीत नागरिकांना हरकत घेता येते. म्हणजे प्रदर्शनात ज्या यंत्रणेची फुले पाहून आपण परततो, तिचीच नोटीस आपल्या कोपऱ्यावरच्या गुलमोहरावर लटकत असू शकते. ती वाचायला तिकीट लागत नाही.

आणखी एक गोष्ट. मुंबईच्या मालमत्ता कराच्या देयकात वृक्ष उपकर नावाची एक छोटी ओळ असते. तेव्हा राणीच्या बागेतल्या त्या झेंडूत आणि शेवंतीत करदात्याचाही वाटा आहे.

गुलाबांचे शहर आणि आठ मते

चंडीगढच्या सेक्टर १६ मध्ये झाकीर हुसेन गुलाब उद्यान आहे. शहराचे पहिले मुख्य आयुक्त आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने १९६७ साली ते उभे राहिले. सुमारे ३० एकरांचा हा परिसर फेब्रुवारीत शेकडो जातींच्या गुलाबांनी भरून जातो, आणि तिथली महापालिका तीन दिवसांचा गुलाब महोत्सव भरवते. पंजाब-हरियाणातून माणसे लोटतात, लहान मुलांच्या स्पर्धा होतात, बँड वाजतो.

२०२४ सालच्या फेब्रुवारीत मात्र हे शहर देशभर गाजले ते वेगळ्याच कारणाने. चंडीगढचा महापौर एका वर्षासाठी निवडला जातो. ३५ नगरसेवक आणि शहराचे खासदार, अशी एकूण ३६ मते. ३० जानेवारी २०२४ रोजी मतदान झाले, आणि पीठासीन अधिकाऱ्याने त्यांपैकी ८ मते बाद ठरवली. तेवढ्याने निकाल फिरला. हा अधिकारी मतपत्रिकांवर खुणा करत असल्याचे कॅमेऱ्यात टिपले गेले होते. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मतपत्रिका मागवून स्वतः पाहिल्या, आठही मते वैध ठरवली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी, आधी पराभूत म्हणून जाहीर झालेल्या उमेदवाराला महापौर घोषित केले.

एका शहराच्या एका वर्षाच्या महापौरपदासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मतपत्रिका तपासाव्या लागल्या, याचा अर्थ काय? अर्थ एवढाच, की नगरपालिकेचे मत हे दुय्यम मत नव्हे. लोकसभेच्या मतदानाला नटूनथटून जाणारी आणि पालिकेच्या मतदानादिवशी सहलीला निघणारी मंडळी प्रत्येक शहरात असतात. त्यांनी ही आठ मते लक्षात ठेवायला हवीत.

ट्युलिप फुलले, सभागृह अडले

राजधानी दिल्लीतले चित्र याहून चमत्कारिक. चाणक्यपुरीत वकिलातींच्या दुतर्फा ओळीतून जाणाऱ्या शांतिपथावर हॉलंडहून आणलेल्या कंदांतून ट्युलिप फुलतात. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांचा उत्सवही भरवला. लाल, पिवळ्या, जांभळ्या फुलांचे ते ताटवे पाहायला दिल्लीच्या चारी कोपऱ्यांतून लोक आले.

पण ही परिषद जेमतेम ४३ चौरस किलोमीटरचा कारभार पाहते. संसद, मंत्रालये, मंत्र्यांचे बंगले यांचा हा टापू. इथे वॉर्डांतून नगरसेवक निवडून येत नाहीत. १९९४ च्या कायद्यानुसार परिषदेचा अध्यक्ष केंद्र सरकार नेमते, आणि तिथले खासदार-आमदार पदसिद्ध सदस्य असतात. बाकीची अफाट दिल्ली सांभाळते ती लोकनियुक्त दिल्ली महानगरपालिका. ती २०१२ साली तीन तुकड्यांत विभागली गेली आणि २०२२ साली पुन्हा एक झाली.

आता तारखा जुळवून पाहा. एकत्रित महापालिकेच्या २५० जागांसाठी ४ डिसेंबर २०२२ रोजी मतदान झाले. पण महापौर निवडण्यासाठी बोलावलेल्या पहिल्या तीन बैठका गोंधळात वाया गेल्या. नियुक्त सदस्यांना मतदानाचा हक्क आहे की नाही, यावर वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क नाही असे सांगितल्यावर २२ फेब्रुवारी २०२३ रोजी महापौर निवडला गेला. शांतिपथावर ट्युलिप डोलत होते ते याच दिवसांत.

तंटा तिथेही संपला नाही. महापालिकेची तिजोरी ज्या स्थायी समितीच्या हाती असते, ती दिल्लीत जून २०२५ पर्यंत बनूच शकली नाही. ५ कोटी रुपयांहून मोठ्या कंत्राटांना या समितीची मंजुरी लागते. ती नसल्यामुळे कचरा उचलण्यापासूनची मोठी कामे रखडली. सामान्य दिल्लीकराला स्थायी समिती हा शब्द कदाचित माहीत नसेल, पण गल्लीच्या तोंडाशी साचलेला ढीग त्याला रोज दिसत होता.

चाळीस वर्षांनी फुललेला रस्ता

बंगळूरमध्ये जानेवारी ते मार्च या काळात काही रस्ते गुलाबी होऊन जातात. टॅबेबुइयाच्या झाडांना पान दिसू नये इतका बहर येतो, आणि खाली फुलांचा सडा पडतो. कार्यालयात जाणारी माणसेही घटकाभर थांबून छायाचित्रे काढतात. याला कोणी उत्सव म्हणत नाही, पण शहरातला सर्वांत मोठा वसंतोत्सव तोच.

ही झाडे आपोआप उगवलेली नाहीत. १९८० च्या दशकात सेतुराम गोपाळराव नेगिनहाळ या वनाधिकाऱ्याने या शहरात लाखो झाडे लावली. कोणत्या रस्त्याला कोणते झाड शोभेल, कोणते सावली देईल, कोणते केव्हा फुलेल याचा विचार करून, लोकांना बरोबर घेऊन केलेले ते काम होते. २०२१ साली त्यांचे निधन झाले. आज त्या फुलांखाली उभे राहणाऱ्या बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक नसेल.

त्याच बंगळूरची दुसरी बाजू २०२४ च्या मार्चमध्ये दिसली. पाण्याची अशी टंचाई आली, की होळीच्या निमित्ताने हॉटेलांत होणाऱ्या वर्षानृत्यांसाठी आणि तलावातल्या मेजवान्यांसाठी कावेरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरण्यास तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने मनाई केली. त्या वेळी शहरात लोकनियुक्त नगरसेवक नव्हते. महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि त्यानंतर पाच वर्षे निवडणूक झालीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. नळ कोरडा पडल्यावर दार ठोठवायचे कुणाचे, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात अनेक घरांना पडला.

चाळीस वर्षांपूर्वीच्या एका चांगल्या निर्णयाची फळे शहर आज उपभोगते, तसेच आजच्या दुर्लक्षाचे ओझेही पुढची चाळीस वर्षे कुणीतरी वाहणार असते.

इंदूरची गेर आणि एक जलवाहिनी

रंगपंचमीची खरी मजा लुटायची तर इंदूरला जावे, असे मराठी माणूस हक्काने सांगतो. होळकरांच्या या नगरीत रंगपंचमीला गेर निघते. राजवाड्याच्या परिसरात पाण्याच्या टँकरांतून आणि मोठमोठ्या यंत्रांतून रंग उडतो, गुलालाने आभाळ झाकले जाते, आणि घराघरांच्या गच्च्या माणसांनी फुलून जातात. होळकरांच्या काळापासून चालत आलेली ही प्रथा असल्याचे इंदूरकर अभिमानाने सांगतात.

गेर पुढे सरकली की मागून महापालिकेचे सफाई कामगार येतात. काही तासांत रंगलेला रस्ता धुऊन निघतो. पाहुण्यांना गेरीइतकेच याचेही कौतुक वाटते. केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग अव्वल ठरत आले, ते अशा शिस्तीमुळे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय तिथल्या घरांनी लावून घेतली, आणि घंटागाडी वेळेवर येण्याची सवय पालिकेने.

आणि त्याच इंदूरमध्ये डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा वस्तीत नळाला दूषित पाणी आले. गळत्या जलवाहिनीत सांडपाणी मिसळले, शेकडो माणसे आजारी पडली, आणि काहींना प्राण गमवावे लागले. सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याचा गौरव झाला, तिथे हे घडले म्हणून देश हादरला.

यात इंदूरकरांच्या स्वच्छतेची थट्टा करण्यासारखे काही नाही. रस्ता डोळ्यांना दिसतो, म्हणून तो झाडला जातो आणि त्याचे कौतुकही होते. जमिनीखालची जलवाहिनी दिसत नाही. तिच्या दुरुस्तीसाठी किती रक्कम ठेवली आणि ती खर्च झाली का, हे फक्त अंदाजपत्रकाच्या कागदात दिसते. तो कागद कोणी वाचलाच नाही, तर रस्ता चकचकीत आणि पाणी विषारी अशी अवस्था कुठल्याही शहरात येऊ शकते.

फेब्रुवारी ते मार्च : सभागृहात काय घडते?

महाराष्ट्रात मुंबई वगळता इतर महापालिका १९४९ च्या कायद्यानुसार चालतात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करून ते सर्वसाधारण सभेपुढे नेते. पुढच्या वर्षी करांचे दर काय असावेत, हे सभेने २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असते. म्हणूनच फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात करवाढीच्या बातम्या एकदम येतात. आपले म्हणणे नगरसेवकाच्या कानावर घालायचे असेल, तर ते त्याआधी. एप्रिलमध्ये देयक हाती पडल्यावर आरडाओरडा करून दर बदलत नाहीत.

मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. एवढी मोठी रक्कम, पण तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांची मुदत संपली, आणि निवडणुका लांबत गेल्या. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले.

घटना याविषयी काय सांगते? १९९२ साली संसदेने मंजूर केलेली ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत, स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा, तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत प्रभाग समित्या हे सारे तिच्यामुळे आले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे. पाणीपुरवठा, रस्ते, आरोग्य यांच्याबरोबर बागा, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक उपक्रमही त्या यादीत आहेत. म्हणजे फुलांचे प्रदर्शन आणि पाण्याची वाहिनी घटनेनेच एका पंगतीत बसवली आहेत.

पालिकांचे उत्पन्न मात्र आटत गेले आहे. शहराच्या वेशीवरचे जकात नाके ज्यांना आठवतात, त्यांना ठाऊक आहे की पूर्वी महापालिकेची तिजोरी जकातीने भरत असे. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपली, आणि त्याबदल्यात राज्याकडून भरपाई येऊ लागली. आता पालिकेच्या हातचे मोठे साधन म्हणजे मालमत्ता कर. तो वेळेवर भरणाऱ्यालाच जाब विचारण्याचा अधिकार शोभून दिसतो.

घरातल्या घरात करण्याजोगे

पुणे महापालिकेने २००६ साली एक चांगली प्रथा सुरू केली. नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामे सुचवायची, आणि त्यांतली योग्य कामे पुढच्या अंदाजपत्रकात धरायची. पदपथ, बाके, बसथांबा, रस्त्यावरचे दिवे, स्वच्छतागृह अशी कामे यातून सुचवता येतात. अर्ज साधारण पावसाळ्यात मागवले जातात. अनेक पुणेकरांना हे माहीत नसते, आणि माहीत असलेल्यांची मुदत चुकते.

प्रत्येक कुटुंबाला सहज जमतील अशा काही गोष्टी आहेत. मालमत्ता कराचे देयक एकदा पूर्ण वाचावे. त्यात पाणी, मलनिस्सारण, रस्ता, वृक्ष, शिक्षण असे किती कर आहेत, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. पुण्यासारख्या शहरात वर्षाच्या सुरुवातीलाच कर भरणाऱ्यांना सवलत मिळते, तिची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आपल्या प्रभागातले नगरसेवक कोण आणि प्रभाग कार्यालय कुठे, हे घरातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असावे. अंदाजपत्रकाचे पुस्तक जाडजूड असते. सारे वाचायची गरज नाही, आपल्या प्रभागाची पाने तेवढी पाहावीत. गेल्या वर्षी मंजूर झालेले काम झाले का, हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ. उत्तर मिळाले नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत माहिती देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.

हे एकट्याने करायला माणूस बिचकतो. पण सण साजरा करण्यासाठी आपण एकत्र येतोच की! डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघाली. कोणा सरकारी खात्याने ती काढली नव्हती. गावातल्या मंडळींनी बैठका घेतल्या, कामे वाटून घेतली, आणि पाहता पाहता ठाणे, गिरगाव करत ती प्रथा राज्यभर पसरली. लेझीम पथकाचा सराव कोण घेणार, पाण्याची सोय कोण करणार, यात्रेनंतर रस्ता कोण झाडणार हे ज्यांना ठरवता येते, त्यांना आपल्या प्रभागाच्या कामांची यादी करणे अवघड का जावे?

शोभायात्रेच्या बैठकीला निम्मी सोसायटी जमलेली असते. चहा येईपर्यंतची दहा मिनिटे वेळ असतोच. तेवढ्यात एका वहीत पाच ओळी लिहिता येतील : कुठला दिवा बंद आहे, कुठले गटार उघडे आहे, कुठल्या नळाला गढूळ पाणी येते, कुठल्या झाडावर नोटीस लागली आहे, आणि गेल्या वर्षीचे कुठले काम कागदावरच राहिले आहे. त्या वहीवर दहा-वीस सह्या झाल्या, की पाडव्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी दोघांनी ती प्रभाग कार्यालयात नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. पुढच्या फेब्रुवारीत, पुष्पप्रदर्शनाला निघण्याआधी, ती पोच काढून पाहावी. किती ओळी खोडता आल्या, त्यावरून कळेल शहरात वसंत आला की नाही ते.